ब्राउझरला द्यायची यादी

कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे या कामातल्या लोकांच्या तोंडची 'सीएसपी', ही संकेतस्थळाने ब्राउझरला दिलेली सूचना असते. पानावरची स्क्रिप्ट कुठून घ्यायची, चित्रे नि फॉन्ट कुठून आणायचे, माहिती कुठे पाठवायची, हे सर्व्हर पानासोबतच्या एका हेडरमधून कळवतो. यादीबाहेरच्या पत्त्यावरून काही मागवले गेले, की ब्राउझर ते अडवतो आणि कन्सोलमध्ये नोंद करतो.

याची गरज पडते, कारण पानात शिरलेली स्क्रिप्ट ब्राउझर त्या संकेतस्थळाचीच समजतो. ती कोणी घातली हे त्याला कळत नाही. ऑक्टोबर 2005 मध्ये 'मायस्पेस'वर एका तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये दडवलेली स्क्रिप्ट दिवसभरात दहा लाखांहून अधिक खात्यांत पसरली. 2018 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावरच्याच एका फाइलमध्ये 22 ओळी घुसवून प्रवाशांचे कार्डाचे तपशील परक्या पत्त्यावर पाठवले गेले. तिथे स्क्रिप्ट कुठून घ्यायची हे ठरवणारा 'स्क्रिप्ट-एसआरसी' हा एकच नियम अपुरा पडला असता, कारण फाइल कंपनीच्याच पत्त्यावरून येत होती. माहिती कुठे पाठवता येईल हे ठरवणारा 'कनेक्ट-एसआरसी' नियम असता, तर ब्राउझरने ती पाठवणीच रोखली असती. नियम लिहिताना बहुतेकांचे लक्ष आत येणाऱ्या गोष्टींवर असते. बाहेर जाणाऱ्या वाटा तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

थेरगाव, चिंचवड, चाकण या पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या लघुउद्योगाचे संकेतस्थळ समोर धरले, तर यादी कशी वाढते ते दिसते. मालकाच्या समजुतीने संकेतस्थळ पाचसात पानांचे असते. प्रत्यक्षात मशीन शॉपचा व्हिडिओ यूट्यूबवरून येतो, कारखान्याचा नकाशा गूगलकडून, भेटी मोजणारी स्क्रिप्ट आणखी एका पत्त्यावरून. मराठी मजकुरासाठी मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेला 'मुक्ता' फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून घेतला, तर त्या एका फॉन्टसाठी दोन परवानग्या लागतात: स्टाइलशीट एका पत्त्यावरून येते, फॉन्टची फाइल दुसऱ्या. पहिला पत्ता 'स्टाइल-एसआरसी'मध्ये लिहिला आणि दुसरा 'फॉन्ट-एसआरसी'मध्ये लिहायचा राहिला, तर पान उघडते, पण अक्षरे मोबाइलमधल्या नेहमीच्या फॉन्टमध्ये दिसतात. चूक अशी बेमालूम असल्याने महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून सुरुवात 'रिपोर्ट-ओन्ली' प्रकाराने करावी. यात ब्राउझर काहीच अडवत नाही, फक्त नियम कुठे मोडला गेला ते कळवतो. जमणाऱ्या नोंदींत ग्राहकांच्या ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनचा कचराही बराच असतो; तो ओळखून बाजूला काढणे हेच या टप्प्यातले वेळखाऊ काम. चौकशीचा फॉर्म, पेमेंटचे पान, क्वचितच उघडली जाणारी जुनी पाने यांवरून मुद्दाम फिरून यावे लागते, नाहीतर त्यांचे पत्ते यादीत येत नाहीत.

वेगळा नियम नसेल तिथे लागू होणारे 'डिफॉल्ट-एसआरसी' लिहिले म्हणजे सगळे झाकले गेले, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. फॉर्म कुठे पाठवायचा, आपले पान कोणी आपल्या चौकटीत बसवायचे, पानाचा मूळ पत्ता कोणता, हे तीन नियम त्यात येत नाहीत. ते वेगळे लिहावे लागतात. पत्त्यातही एक खाच आहे. 2014 पासून मिळणारे देवनागरी '.भारत' पत्ते या हेडरमध्ये देवनागरीत चालत नाहीत. त्यांचे रोमन अक्षरांतले संगणकी रूपच लिहावे लागते.

खरी कसोटी पानातच लिहिलेल्या इनलाइन स्क्रिप्टची. नियम कडक करताच बटणे बंद पडतात आणि 'अनसेफ-इनलाइन' लिहून सुटका करून घेण्याचा मोह होतो. तो शब्द 'स्क्रिप्ट-एसआरसी'मध्ये आला, की घुसवलेली स्क्रिप्टही चालते आणि धोरणाचा मुख्य उपयोग संपतो. गूगलच्या संशोधकांनी 2016 मध्ये तपासलेल्या वेगवेगळ्या धोरणांपैकी 94.72 टक्के धोरणे सहज चुकवता येत होती. त्यामागे हे एक मोठे कारण होते. दुसरे, विश्वासाने यादीत घेतलेले मोठे सार्वजनिक सर्व्हर, ज्यांच्यावर हल्लेखोराच्या कामी येणाऱ्या फाइलीही असतात.

यावर उपाय म्हणजे 'नॉन्स'. सर्व्हर प्रत्येक वेळी नवी, अंदाज न येणारी खूण तयार करून ती हेडरमध्ये आणि आपल्या स्क्रिप्टवर लिहितो. खूण जुळली तरच स्क्रिप्ट चालते. पान कॅशमधून दिले जात असेल, तर सगळ्यांना तीच खूण मिळते आणि ती कुचकामी ठरते. अशा ठिकाणी स्क्रिप्टचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरूनच काढलेली खूण, द्यावा. टॅगमध्येच लिहिलेले 'ऑनक्लिक' नॉन्सने चालत नाहीत. ते वेगळ्या स्क्रिप्टमध्ये हलवावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून केलेले धोरण नावापुरतेच राहते.

कार्ड स्वीकारणाऱ्यांसाठीच्या पीसीआय डीएसएस मानकाने 31 मार्च 2025 पासून पेमेंटच्या पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची नोंद आणि तिच्या गरजेचे कारण ठेवणे बंधनकारक केले आहे. कार्ड न घेणाऱ्या उद्योजकांनीही आपल्या संकेतस्थळाची अशी यादी डेव्हलपरकडून मागून घ्यावी आणि ज्या पत्त्याचे कारण सांगता येत नाही, तो काढायला लावावा.