किराणा दुकानातली उधारीची वही
किराणा दुकानाचं गिऱ्हाईक बरेचदा उधारीच्या वहीमुळे टिकतं. घरागणिक एक पान. त्यावर तारीख, माल, रक्कम. पगार झाला की हिशेब चुकता. उधारी कोणाला, किती द्यायची हे दुकानदार नोकरी, शेजार आणि मागची परतफेड पाहून ठरवतो.

खरी कसोटी वसुलीची. चारचौघांत मागितलं तर पैसे येतात, गिऱ्हाईक जातं. म्हणून जाणता दुकानदार बाकीचा आकडा चिठ्ठीवर लिहून सामानाच्या पिशवीत टाकतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार माल दिल्यापासून ३ वर्षांत दावा लावता येतो; पण चारपाचशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो म्हणा! थकबाकीदार बहुधा रस्ताच बदलतो आणि त्याची रोजची खरेदीही बुडते. त्यामुळे काही दुकानदार जुनी बाकी तशीच ठेवून रोखीने माल देत राहतात.