झाकलेल्या निबेचं पेन

हिरो ६१६ चं टोपण काढलं की नवख्या माणसाला वाटतं, याची निब कुठेतरी पडली. प्लॅस्टिकच्या निमुळत्या चोचीतून पोलादाचं जेमतेम टोक डोकावतं, तेवढंच. सोनेरी, नक्षीदार निब मिरवणारी पेनं वापरलेल्याला हे अंग चोरून बसलेलं वाटणार. पण या स्वस्त चिनी पेनाबद्दल बरं-वाईट जे काही बोलायचं, त्याची सुरुवात या चोचीपासूनच करावी लागते.

चोच मुळात चिनी नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल नावाचं गाव आहे. पार्कर कंपनी तिथली, १८८८ ची. तिने १९४१ मध्ये '५१' हे पेन बाजारात आणलं. कंपनीला कागदावर उतरताच वाळणारी शाई द्यायची होती, म्हणजे टीपकागदाची गरजच उरू नये. अडचण अशी की कागदावर झटकन वाळणारी शाई उघड्या निबेवरही झटकन वाळते. म्हणून निब लहान, नळीसारखी केली आणि तिच्यावर कवच चढवलं. त्या शाईला पेनाचं नेहमीचं प्लॅस्टिकही टिकेना, तेव्हा दांडा ल्युसाइटचा झाला. त्या काळात लढाऊ विमानांच्या पारदर्शक भागांसाठी वापरत तेच हे ॲक्रिलिक. ५१ चं गुळगुळीत, जोड न दिसणारं रूप पुढे फार वाखाणलं गेलं. पण ते रूप ठरवलं होतं शाईने.

इकडे शांघायमध्ये झोउ जिंगतिंग यांनी १९३१ मध्ये हुआफू नावाचा पेनांचा कारखाना काढला होता. क्रांतीनंतर कारखान्यांची एकत्रीकरणं झाली आणि हिरो हे नाव याच घरात आलं. १९५८ मध्ये, चीनच्या 'मोठी झेप' या मोहिमेच्या त्या उत्साही आणि पुढे भीषण ठरलेल्या दिवसांत, 'पार्करला गाठा' अशी घोषणा झाली. तिचं फळ म्हणजे हिरो १००: सोन्याची निब, ५१ चा उघड अवतार. ६१६ हे त्याच घराण्यातलं, पण शाळकरी पोरांच्या आणि कारकुनांच्या खिशाला परवडेल असं. पोलादी निब, साध्या प्लॅस्टिकचा दांडा, त्यावर घासून मंद केलेल्या चकाकीचं धातूचं टोपण. काळा, मरून, हिरवा, निळा असे गंभीर रंग. आपल्याकडे एका पिढीला 'फॉरेनचं पेन' म्हटलं की पार्करच्या आधी हेच आठवतं, कारण पार्कर काकांच्या खिशाला असायचं आणि हिरो आपल्या कंपासपेटीत.

नक्कल म्हणून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. मला त्यात रस नाही. स्वस्त वस्तू पारखताना मी एवढंच बघतो की बनवणाऱ्याने काटकसर कुठे केली आणि कुठे नाही. हिरोवाल्यांना डोकं चालवायची कामं आयती करून मिळाली होती. राहिली होती ती हात आणि वेळ लागणारी कामं, आणि काटकसर झाली ती नेमकी तिथे.

आतलं यंत्र बघा. दांडा फिरवून काढला की धातूचं एक कवच दिसतं, त्याच्या एका बाजूला दाबपट्टी, आत शाईची लवचीक पिशवी. पिशवीत वरपर्यंत गेलेली एक बारीक नळी असते. निब दौतीत बुडवून पट्टी दाबली की पिशवीतली हवा निबेवाटे बुडबुड्यांनी बाहेर पडते, सोडली की शाई वर चढते. खरी गंमत दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला. शाई तळाशी साचलेली असते आणि नळीचं तोंड मात्र वर हवेत असतं, म्हणून पुन्हा दाबलं तरी बरीचशी हवाच बाहेर जाते, शाई राहते. असं करत शाई नळीच्या तोंडापर्यंत चढते. एकदाच दाबून 'पेनात शाई कमी मावते' अशी तक्रार करणाऱ्यांनी घाई केलेली असते. सावकाश चार-पाच वेळा दाबावं, प्रत्येक वेळी क्षणभर थांबावं.

ड्रॉपरने शाई भरायच्या देशी पेनांशी याची तुलना केली म्हणजे पिशवीचं महत्त्व कळतं. ड्रॉपरच्या पेनात दांडा हीच टाकी. शाई भरपूर मावते, पण ती संपत आली की रिकाम्या जागेत हवा भरते, हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. मग ऐन उत्तराच्या मध्यावर वहीत टपोरा डाग. हिरोत पिशवी आणि बोटं यांच्यामध्ये धातूचं कवच आणि दांडा येतो, ऊब उशिरा पोचते. शिवाय चोचीच्या आत, निबेच्या मागे, बारीक चकत्यांची जिभेसारखी रचना असते. पुढे ढकललेली जादा शाई त्या फटींत थोपून राहते आणि लिहिताना तिथूनच वापरली जाते. चोच नुसती शोभेची नाही. ती या चकत्यांचं घर आहे. ही सगळी व्यवस्था एवढ्या किमतीत मिळते, हा माझ्या लेखी ६१६ चा सगळ्यात मोठा गुण.

आता काटकसर. ल्युसाइट इथे नाही. जे प्लॅस्टिक आहे ते हलकं आणि ठिसूळ आहे. आटे असतात तिथे, घट्ट पिळणाऱ्या हातांना, उभी बारीक चीर सापडते. टोपण फिरवायचं नसतं, ढकलून बसवायचं असतं. आतल्या स्प्रिंगच्या पाकळ्या पेनाच्या कंबरेवरची कडी पकडतात. नव्या पेनात हा 'टक्' ऐकायला छान वाटतो. वर्ष-दोन वर्षांत पाकळ्या सैलावतात, टोपण नुसतं टेकून राहतं, आणि शर्टाचा खिसा निळा होतो. क्लिप मात्र ताठ आणि चिवट. दांड्याने साथ सोडल्यावरही ती खिशाला घट्ट धरून असते. आणि चोच निबेवर सरळ बसलीच असेल याची खात्री नाही. कधी निब अंशभर तिरकी, तर कधी डाव्या पातीचं टोक उजव्यापेक्षा केसभर वर. उघड्या निबेत हे नखाने सुधारता येतं. इथे चोच आट्यांवर चिकटद्रव्याने सील केलेली, ती काढायला आधी गरम करावी लागते, आणि त्या कामात निम्मी पेनं दगावतात.

म्हणून 'हिरो कसं लिहितं?' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. जे नीट जुळून आलेलं असतं ते बारीक, एकसारखी, थोडी कोरडी रेघ देतं. गुळगुळीत नाही, कागद जाणवतो. पण खरवडत नाही. निब अजिबात दबत नाही, त्यामुळे जाड-बारीक खेळ नाही. रोमन लिपीत वळणदार अक्षर काढणाऱ्याला ही निब रुक्ष वाटेल. देवनागरीत हिशोब वेगळा. आपल्या अक्षरांच्या पोटात जागा थोडी असते. वहीच्या एका ओळीत 'क्ष', 'ष्ट', 'द्ध' बसवायचे, वर वेलांटी, रफार, खाली उकार. जाड ओल्या निबेने 'ब'चं पोट भरून जातं आणि 'व'-'ब' एकच दिसू लागतात. शाळेच्या वहीच्या कागदावर तर शाई फुटते, रेघेला केस येतात. अशा कागदावर हिरोची कोरडी बारीक रेघ सोन्याच्या निबेपेक्षा सरस ठरते.

दुसरं असं की देवनागरी लिहिताना हात वारंवार उचलावा लागतो. मोडी लिहिणाऱ्यांनी ही कटकट आधीच ओळखली होती. ते ओळीची रेघ आधी मारून घेत आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं सोडत जात. बाळबोध लिपीत मात्र प्रत्येक शब्दाशी रेघ, काना, मात्रा अशी ये-जा. दरवेळी निब कागदाला नव्याने टेकते, आणि टेकताच शाई उतरली नाही तर शिरोरेषेची सुरुवात फिकी पडते. झाकलेली निब ओली राहते, त्यामुळे विचार करायला मिनिटभर थांबलं तरी पुढचा शब्द सहसा पहिल्या टेकीत उमटतो. बोरूच्या तिरक्या काटातून आलेला देवनागरीचा जुना डौल मात्र या निबेकडे मागू नये. ही निब पत्रं, वहीखातं आणि उत्तरपत्रिका यांच्यासाठी आहे.

झाकलेल्या निबेची एक कुरकुर खरी आहे. निब दिसत नसल्यामुळे पेन बोटांत थोडं फिरलं तरी कळत नाही, आणि फिरलं की रेघ तुटते. पकडीला खाचा नाहीत, चोच गोल आणि घसरडी. घामेजल्या मे महिन्यात, परीक्षेच्या तिसऱ्या तासाला, हे फार जाणवतं. यावर इलाज नाही, सवय आहे.

शाई कुठलीही साधी, पाण्याची, पेनाची म्हणून विकली जाणारी घालावी. चित्रकलेची इंडिया इंक घालू नये. तिच्यातली लाख वाळली की चकत्यांच्या फटी बुजतात आणि पेन संपतं. दोन महिन्यांतून एकदा गार पाणी भरून, सोडून, स्वच्छ येईपर्यंत धुवावं. गरम पाणी नको. चोचीचं सील सैल होईल.

आणि घेताना थोडं चिकट गिऱ्हाईक व्हावं, कारण पार्करची नक्कल करणाऱ्या ६१६ च्याही नकला ढिगाने विकल्या जातात. पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातलं दुकान असो की रस्त्याकडेची टपरी, आधी दांडा उघडून आत बघावं. खोट्यात बहुधा धातूचं कवच नसतं, असतो तो उघड्या पिशवीवर बसवलेला पत्र्याचा तुकडा. आतल्या नळीचाही पत्ता नसतो. टोपण चार वेळा लावून-काढून बघावं. मग निब शाईत बुडवून एक लांब शिरोरेषा मारावी, सावकाश, दाब न देता. नंतर खालून वर जाणारी रेघ, कारण तिरकी पाती तिथेच कागदात रुतते. एक पेन अडलं तर त्याच डब्यातलं दुसरं मागावं, तेही अडलं तर तिसरं. बुडवून लिहू द्यायला दुकानदार तयार नसेल, तर पेन परत डब्यात ठेवावं आणि पुढच्या दुकानात जावं.