तोडणी-वाहतूक ठेकेदार : हिशेब, शब्द आणि पुढारपण

– ऊस विकास अधिकारी



ऊस कसा लावावा, खत केव्हा द्यावे, बेणेप्रक्रिया कशी करावी, यावर या पानावर नेहमीच लिहिले जाते. परंतु बारा-चौदा महिने जपलेला ऊस शेवटी ज्याच्या हातून काट्यावर जातो, त्या तोडणी-वाहतूक ठेकेदाराविषयी आपण चावडीवर बोलतो ते बहुधा तक्रारीपुरतेच. म्हणून या वेळी त्याच्या धंद्याविषयी चार गोष्टी लिहीत आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले आज ट्रॅक्टर घेऊन याच धंद्यात उतरली आहेत. काहींनी त्यापायी जमिनीवर बोजा चढवला आहे. तेव्हा हा विषय परक्याचा नाही, घरचाच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. एफआरपी ही कारखान्याच्या दारात ऊस पोचल्याची किंमत असते आणि आपल्याकडे त्यातूनच तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. म्हणजे ठेकेदाराचे बिल कारखाना काढत असला तरी पैसा सभासदाचा असतो. ठेकेदार शहाणा झाला तर त्यात आपला फायदा आणि तो बुडाला तर आपलेही नुकसान.

उचलीचे गणित

दसऱ्याच्या आधी बीड, जालना, परभणीकडच्या गावांत उचल वाटली जाते. कोयता मिळाला पाहिजे म्हणून शेजारच्या ठेकेदारापेक्षा पाच-दहा हजार चढवून देण्याची चढाओढ लागते. कागद-पेन्सिल घेऊन बसायला त्या दिवसांत कोणालाच सवड नसते. आपण आता बसू.

समजा, टोळी १० कोयत्यांची आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी रोज सरासरी दीड टन तोडते असे धरले तर टोळीचे रोजचे १५ टन होतात. हंगाम १२० दिवस चालला तर १८०० टन. दर टनाला ३६६ रुपये धरला तर तोडणीची रक्कम ६,५८,८०० रुपये होते. त्यावर मुकादमाचे २० टक्के कमिशन १,३१,७६० रुपये, ते वेगळे.

आता उचल कोयत्याला १ लाख दिली असेल तर १० लाख गेले. आठवड्याला कोयत्यामागे हजार रुपये खर्ची धरली तर १७ आठवड्यांचे १,७०,००० आणखी गेले. दिले ११,७०,०००, फिटले ६,५८,८००. हंगामाअखेर ५,११,२०० रुपये अंगावर राहिले. सगळे कमिशन त्यात घातले तरी खड्डा भरत नाही.

आणि हंगाम १२० दिवस चालेलच, याची हमी कोण देणार? २०२१-२२ चा हंगाम जूनपर्यंत लांबला होता. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि लवकर आटोपला. हंगाम ९० दिवसांचा झाला तर वरच्याच हिशेबात तोडणी ४,९४,१०० रुपयांची होते आणि बाकी ६,३५,९०० वर जाते. टोळीने सगळे दिवस प्रामाणिकपणे काम केले तरी हा आकडा आहे. म्हणजे पुष्कळदा पैसा 'बुडवला' जात नाही, तो देतानाच बुडालेला असतो.

याची दुसरीही बाजू आहे. ज्या जोडप्याच्या अंगावर बाकी राहते, ते पुढच्या वर्षी बांधले जाते. त्याला दुसरीकडे जाता येत नाही, मनासारखे काम करता येत नाही आणि एक दिवस ते रात्रीतून निघून जाते. मग शोधाशोध, भांडणे, पोलीस. उचल वाढवून माणूस टिकत नाही, हे एवढ्या वर्षांत सगळ्यांना कळून चुकले आहे.

"साहेब, कमी उचलीवर टोळीच मिळत नाही," असे ठेकेदार म्हणतील. खरे आहे. पण सगळी रक्कम दसऱ्यालाच दिली पाहिजे असे कुठे आहे? एक हप्ता निघताना, दुसरा पहिल्या महिन्याचे काम बघून, तिसरा संक्रांतीच्या सुमारास, असे हप्ते पाडता येतात. आणि एकूण उचल ९० दिवसांच्या कामात फिटेल त्याच्या फार पुढे जाऊ देऊ नये. चांगल्या हंगामावर उचल ठरवणारा वाईट हंगामात ट्रॅक्टर विकतो.

दोन वह्या

ठेकेदाराकडे दोन वह्या हव्यात. पहिली टोळीची. प्रत्येक कोयत्याचे पान वेगळे. उचल, खर्ची, रोजचे टन, फिटलेली रक्कम, बाकी. दर पंधरवड्याला बिल आले की ते पान त्या जोडप्याला वाचून दाखवावे आणि त्याची प्रत त्यांच्या हातात द्यावी. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे कारखान्याला ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. जो नियम कारखान्याला आहे, तोच ठेकेदाराने आपल्या टोळीसाठी स्वतःला लावून घ्यावा.

दुसरी वही ट्रॅक्टरची. डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार, दुरुस्ती, विमा आणि बँकेचा हप्ता. यात बहुतेक जण एक रकाना विसरतात, तो झिजेचा. ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या दरवर्षी थोड्या थोड्या संपत असतात. ती रक्कम बाजूला न काढता आलेला पैसा नफा समजून लग्नात, बांधकामात घातला, तर हप्ते फिटतात तोवर गाडी भंगारात निघते आणि नव्या गाडीसाठी पुन्हा कर्ज. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर झाडाखाली उभा ठेवू नये. नांगरट, रोटर, पाचट कुट्टी, शेणखत वाहतूक अशी कामे गावातच असतात.

शब्द

ठेकेदाराचे पुढारपण फडात दिसते. लागणीच्या तारखेप्रमाणे प्रोग्रॅम लागला, तोडचिठ्ठी निघाली, तर त्या दिवशी टोळी त्या फडात गेली पाहिजे. सभासदाने पाणी तोडून ठेवलेले असते. आठ-दहा दिवस लांबले की वजन घटते आणि खोडव्याचेही गणित चुकते.

तोड जमिनीलगत हवी. बुडख्याच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते, ती शेतात सोडून येणे म्हणजे पैसे पुरून येणे. शिवाय उंच तोडलेल्या खोडाचा खोडवा नीट फुटत नाही. वाढे पूर्ण छाटावे, मोळीत पाचट जाऊ नये. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे. फडात पडलेला ऊस रोज वजनाने आणि उताऱ्याने उतरत असतो. या गोष्टी टोळीला पहिल्याच दिवशी समजावून सांगणारा ठेकेदार आणि काट्यावर भांडायला उभा राहणारा ठेकेदार, यांतला फरक सभासद ओळखतात.

आता खुशालीविषयी. तोडणीचे पैसे एकदा सभासदाच्या बिलातून जातात. मग फडात पुन्हा पैसे, ड्रायव्हरला एंट्री, कोंबडी, हे कशासाठी? टोळीला आनंदाने चहापाणी करणे वेगळे आणि 'दिल्याशिवाय कोयता लावणार नाही' म्हणणे वेगळे. जो ठेकेदार आपल्या टोळीला खुशाली मागू देत नाही, त्याला सभासद आपण होऊन काम देतात. धंद्यात याहून मोठी जाहिरात नाही. मात्र सभासदांनीही नंबर पुढे सरकावा म्हणून पाकीट पुढे करू नये. घेणारा जितका दोषी, तितकाच देणारा.

माणसे सांभाळणे

कोयत्यातला अर्धा वाटा बाईचा असतो, पण वहीत नाव एकट्या नवऱ्याचे. हे बदलता येते. निम्मी रक्कम तिच्या बँक खात्यावर गेली तर घरात धान्य येते आणि टोळी टिकते. आजारपणात, बाळंतपणात खाडा लावून दंड कापण्याची रीत सोडली पाहिजे. खाड्याच्या भीतीने बायका दुखणी अंगावर काढतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला आणि शासनाला समिती नेमावी लागली, हे आपण विसरू नये.

कोप्यांजवळ पिण्याचे पाणी, रात्री उजेड, जवळच्या दवाखान्याचा पत्ता, एवढे ठेकेदाराने बघावेच. मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. टोळीतल्या किती जणांकडे ओळखपत्र आहे, किती मुले वसतिगृहात राहू शकतील, याची चौकशी गावाहून निघण्याआधीच करता येते. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावणे आणि प्रमाणाबाहेर ऊस न भरणे, हीसुद्धा माणसे सांभाळण्याचीच गोष्ट आहे. दर हंगामात रस्त्यावर जीव जातात.

पुढची पायरी

मजूर वर्षागणिक कमी होणार, हे दिसतेच आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली, तरी कोयते वाढले नाहीत. यंत्राने तोडणी वाढत आहे आणि २०२३ मध्ये शासनाने त्यासाठी अनुदान योजनाही काढली. परंतु यंत्राची किंमत कोटीच्या घरात आहे. ते पेलायचे तर दोन वह्या लिहिण्याची सवय आधी हवी. चार-पाच ठेकेदारांनी मिळून यंत्र घ्यावे, ऑपरेटर तयार करावा आणि सभासदांनी सलग पट्ट्यात साडेचार-पाच फुटी सरी ठेवावी. नाहीतर यंत्र बांधावरच फिरत राहील.

याला मोठी पदवी लागते असे नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्यासाठी गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा करणारे विठ्ठलराव विखे पाटील शेतकरीच होते. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्राचा जाणकार त्यांच्या जोडीला होता. एकाने माणसे जोडली, दुसऱ्याने हिशेबाची बैठक दिली. ठेकेदाराला हे दोन्ही गुण एकट्याच्या अंगी आणावे लागतात, इतकेच.

येत्या हंगामाचे करार करताना प्रत्येक ठेकेदाराने वरचे गणित स्वतःचे आकडे घालून एकदा करून बघावे. ज्यांना जमत नसेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात यावे, शेती खात्याचे कर्मचारी शेजारी बसून मांडून देतील. आणि ज्या सभासदांची मुले या धंद्यात आहेत, त्यांनी उचल वाटण्याआधी ती वही एकदा मागून बघावी. सातबाऱ्यावर बोजा चढण्याआधी बघितलेली बरी.