तेराव्यानंतरचे दिवस

घरात मृत्यू झाला की नातलग म्हणतात, "डॉक्टर, वहिनी रडायच्या थांबत नाहीत, झोपेचं इंजेक्शन द्या." मी सहसा देत नाही. रडणे हा आजार नव्हे. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते, पिठलं-भातही शेजारून येतो. चौदाव्या दिवशी सगळे पांगतात. मग मागे राहिलेल्याची भूक जाते, ब्लडप्रेशरची गोळी चुकते. तेव्हा जा. उपदेश नको. गेलेल्याचे नाव घेऊन बोला, सोबत दोन घास खा, गोळ्यांचे पाकीट पाहा. सहा महिन्यांनंतरही दुःख तितकेच तीव्र असेल, रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, तर मात्र त्याच दिवशी. माणसाला एकटे सोडू नये. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.