हरवलेल्या वस्तूचा बिल्ला

किल्ल्यांना किंवा पिशवीला लावायचा एक छोटा बिल्ला हल्ली मिळतो. २०२१ साली निघालेला 'एअरटॅग' हा त्यातलाच. चांदीच्या जुन्या रुपयाहून जरा मोठा. आत बटणासारखा सेल. तो सुमारे वर्षभर पुरतो.

गंमत अशी, की आपण कुठे आहोत हे बिल्ल्याला ठाऊकच नसते. तो फक्त ब्लूटूथची बारीक हाक देतो. जवळून जाणाऱ्या माणसाच्या खिशातला फोन ती ऐकतो आणि त्या जागेची खबर धाडतो. खबर कुलूपबंद असते. ती मालकालाच उघडता येते.

पिशवी एस.टी. स्टँडवर राहिली, तर पत्ता लागेल. रानात राहिली, तर? फोन नाही, तर खबर नाही. शिवाय एअरटॅगची हाक फक्त अ‍ॅपल कंपनीचेच फोन पुढे धाडतात. म्हणून गुराच्या गळ्यात बिल्ला बांधून निर्धास्त राहू नये, असे आम्ही सांगतो.

आता धोक्याची गोष्ट. कोणी हा बिल्ला एखाद्या बाईच्या पिशवीत गुपचूप टाकला, तर? ती कुठे जाते, ते त्याला कळते. असे प्रकार घडले आहेत. म्हणून मे २०२४ पासून अ‍ॅपल आणि अँड्रॉइड, दोन्ही तऱ्हेचे फोन अनोळखी बिल्ल्याचा इशारा देऊ लागले. साध्या बटणांच्या फोनवर तो इशारा येत नाही. तेव्हा पिशवीत काही वाजले, तर उघडून बघा. बिल्ला सापडला, तर फेकू नका. त्यावर नंबर असतो. तो पोलिसांना दाखवा. नंबरावरून मालकाचा माग काढता येतो.