खेळाची वर्गणी द्यावी काय?

सोंगट्यांचा पट एकदां घेतला कीं तीन पिढ्यांस पुरतो. आंतरजालावर अनेकांनीं मिळून खेळावयाच्या कित्येक खेळांस मात्र दरमहा वर्गणी पडते. अंबाजोगाईच्या मुलानें पुण्याच्या चुलतभावाशीं खेळण्यासाठीं ती मागितली, तर वडील मंडळींनीं काय करावें?

वर्गणी म्हणजे जुगार नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. २०२५ सालीं संसदेनें संमत केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली; पैज नसलेल्या खेळांची वर्गणी त्यानें वैध मानली आहे. वाचनालयाची वर्गणी आपण देतोंच. पुस्तक परत जातें, वाचलेलें उरतें.

परंतु येथें दुकानदार पटच उचलून नेऊं शकतो. ‘द क्रू’ हा २०१४ सालचा खेळ लोकांनीं रोख किंमत देऊन घेतला होता. यूबिसॉफ्ट कंपनीनें ३१ मार्च २०२४ रोजीं सर्व्हर बंद करतांच तो निकामी झाला. पबजी मोबाईलवर तर २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनेंच बंदी घातली.

म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ भरूं नयेत. महिन्याचेच भरावेत, आणि आपोआप होणारी वसुली बंद ठेवावी. परीक्षेच्या महिन्यांत वर्गणी थांबवावी. नाहींतर ‘पैसे भरले आहेत’ या सबबीवर मुलगा अधिकच खेळतो. भावंडांचा मेळ राहत असेल तर ती सार्थकीं लागली. केवळ वेळ जात असेल, तर फुकटचा खेळही महागच.