अंधार राखणारं घर

उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहायला लॅपलंडला जाऊन आलेल्यांच्या फोटोंत बर्फातली लाकडी खोली आणि डोक्यावरचं काचेचं छत हमखास असतं. फिनलंडमधल्या काकस्लाउत्तानेनच्या लाकडी केबिनना ‘केलो’ वापरतात. म्हणजे मेल्यानंतरही कित्येक दशकं उभ्या उभ्या वाळलेला, करडा पडलेला पाइन. जिवंत झाड तोडलं नाही म्हणून हे लाकूड निर्दोष मानलं जातं. पण ते उभं वाळकं खोडही जंगलात कामाचं असतं, त्यात कीटक आणि पक्षी राहतात. लाकूड वापरलं की बांधकाम आपोआप पर्यावरणस्नेही होतं, हा समज तिथेच डळमळतो. आपल्याकडे ठाण्याच्या येऊर-घोडबंदर पट्ट्यात अशी आकाश बघायची खोली बांधायची झाली, तर माझ्या मते आराखड्याचं पहिलं पान दिव्यांचं असावं आणि लाकडाचं दुसरं.

ठाण्यात ध्रुवीय प्रकाशाचं काय काम, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर 6 फेब्रुवारी 1872च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आहे. रविवारी, 4 फेब्रुवारीला सूर्यास्तानंतर मुंबईच्या आकाशात हा प्रकाश दिसला आणि रंग पालटत सोमवारच्या पहाटेपर्यंत राहिला, अशी ती बातमी. समुद्राखालच्या आणि जमिनीवरच्या तारायंत्रांतही त्या वेळी गडबड झाल्याचं तिच्यात नोंदलेलं आहे. ही तारांची नोंद मला फार मोलाची वाटते, कारण वणव्याचा उजेड किंवा संधिप्रकाश तारांमध्ये वीज खेळवत नाही. या प्रकाशामागच्या चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत झाली आणि 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ती नोंद पुराव्याला उभी राहिली. इतक्या दक्षिणेला हा प्रकाश लालसर दिसतो, त्याचं कारण सोपं आहे. ऑक्सिजनचा तांबडा उजेड दोनशे किलोमीटरच्याही वर निर्माण होतो, तर हिरवा त्याच्या बराच खाली. पृथ्वीच्या गोलाईमुळे आपल्या क्षितिजावर डोकावतो तो वरचा थर. मे 2024मध्ये लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली लालीही याच जातीची. मुंबई-ठाण्याला असा योग शतकात एखाद्या वेळी येणार. पण तो आलाच तर आजच्या आकाशात दिसेल का, हा प्रश्न दर रात्रीचा आहे.

कुलाब्याच्या या वेधशाळेत आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या हाताखाली 1840च्या दशकात एक मराठी तरुण काम करत होता. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढचे गणितज्ञ केरूनाना. चुंबकीय सुई किती हलली हे डोळ्यांनी वाचायचं, तासातासाने लिहायचं, असं ते काम. त्याच शिस्तीतून 2 सप्टेंबर 1859च्या महावादळाची नोंद हाती लागली. क्षैतिज चुंबकीय बलात सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण! पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय विभाग अलिबागला हलवला. 1904मध्ये तिथे काम सुरू झालं आणि जुन्या-नव्या नोंदी जुळाव्यात म्हणून 1906पर्यंत दोन्ही जागी वाचन चालू ठेवलं गेलं. कोकणातला काळा दगड स्वतःच चुंबकीय, म्हणून पोरबंदरचा दगड पारखून आणला. लोखंड वगळून तांबं-पितळ वापरलं. जे पाहायचं आहे त्याला बाधा आणणारं काहीही बांधकामात शिरू द्यायचं नाही, हा नियम त्या वास्तूने शंभर वर्षांपूर्वी पाळला. आकाश बघायच्या खोलीला याहून चांगला कित्ता सापडणार नाही. तिथे बाधा लोखंडाची होती, इथे ती उजेडाची आहे.

माजिवड्यापासून गायमुखापर्यंत टॉवर, होर्डिंग, मॉल आणि महामार्गाचे दिवे सलग आहेत, आणि त्यांना लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. येऊरमधली बेकायदा बांधकामं आणि टर्फचे प्रकाशझोत हा वाद तर उच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा ठिकाणी अंधार राखणं अशक्य, असं म्हणणाऱ्यांनी पेंच पाहावं. जानेवारी 2024मध्ये ते भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतल्या शंभरावर पथदिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली गेली. पेंच शहरापासून दूर आहे, हा आक्षेप रास्तच. घोडबंदरला आकाशगंगा लखलखीत दिसेल असं मी म्हणत नाही. पण डोंगराआडच्या पाड्यांवरचा उरलासुरला काळोख नव्या कॉटेजने आणखी खाऊ नये, इतकी मागणी माफक आहे. हानलेत तर नवी कॉटेजं उभारण्याआधी गावातल्याच घरांत पाहुणे ठेवले गेले, खिडक्यांना जाड पडदे लागले, आणि गावकऱ्यांच्या हाती दुर्बिणी आल्या. पाहुण्यांचा पैसा गावातच राहिला.

आता लाकूड. आयात पाइनच्या फळ्या कोरड्या थंडीत टिकतात. ठाण्याच्या पावसात आणि वाळवीत त्यांना औषधं चोपडत राहावं लागतं. वारली घराचा कूड कारवीचा असतो, वर शेणमातीचा गिलावा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. तिच्या वाळलेल्या काठ्यांनीच कूड विणला जाई. उद्यानातली कारवी व्यवसायासाठी तोडता येणार नाही, आणि येऊही नये. पण सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर वाढणारा माणगा बांबू आहे. 2017च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला, त्यामुळे तो तोडायला परवान्याची अडचण नाही. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवला की भुंगा लागत नाही. आणि खाली उतरलेली वळचण दुहेरी काम करते. भिंत पावसापासून वाचते, पडवीतला उजेड वर जात नाही. काचेच्या छताची इथे गरजच नाही, थंडी नसल्यामुळे माणूस अंगणात चटईवर पडून आकाश बघू शकतो.

राहिला उद्यानातल्या बिबट्याचा मुद्दा. अंधार म्हणजे धोका, हे पाड्यावरच्या माणसाला शिकवायला नको, आणि त्याची भीती खोटीही नाही. पण पावलाखालची वाट दिसायला गुडघ्याएवढ्या उंचीचा, झाकलेला, पिवळसर दिवा पुरतो. झाडांच्या शेंड्यांवर मारलेल्या झोताने वाट दिसत नाही, उलट त्याच्या पलीकडचं सगळं काळंठिक्कर होतं. उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र 2016मध्ये अधिसूचित झालं आहे. तिथे पाहुण्यांसाठी खोली बांधू पाहणाऱ्याने परवानगीच्या अर्जासोबत प्रत्येक दिव्याची उंची, रंग, तोंडाची दिशा आणि विझवण्याची वेळ नकाशावर दाखवावी, आणि तो नकाशा पाड्यातल्या लोकांसमोर वाचला जावा. लाकडाच्या पावत्या त्यानंतर तपासाव्यात.